अण्णा, प्रिंटर मीच बंद केला होता

अण्णा, परवा तुमचा जलदानविधी झाला. मांडवात माणसं मावत नव्हती. धरणात गेलेल्या आपल्या गावातले लोक दोन टेम्पो भरून आले होते. पाटबंधारे खात्यातले तुमचे जुने सोबती आले होते. एकेक जण उठला, तुमच्याबद्दल बोलला, डोळे पुसत खाली बसला. शेवटी कुणीतरी माइक माझ्या हातात दिला, "मुलानं दोन शब्द बोलावेत" म्हणून. मी सगळ्यांचे आभार मानले आणि बसलो. लोकांना वाटलं, पोराचा कंठ दाटून आला. तसं काही नव्हतं. जे बोलायचं होतं ते त्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. पुढच्या रांगेत आई बसली होती आणि तिच्याशेजारी आपल्या वस्तीतली गयाबाई.

म्हणून इथं कागदावर बोलतो, तुमच्याशीच. तुमच्याकडून आता हूं की चूं येणार नाही, हे ठाऊक असून.

तुम्ही नोकरीतून रिटायर होऊन माजलगावच्या ह्या घरी कायमचे आलात, तेव्हा पुढच्या खोलीत माझं दुकान चालू होतं. आधी तिथं एसटीडी बूथ होता. मग घरोघरी फोन आले, मागोमाग मोबाइल आले आणि माझी काचेची खोली रिकामी पडली. मी कम्प्युटर घेतला. लग्नपत्रिका, बायोडाटा, शाळांच्या प्रश्नपत्रिका करायला लागलो. तुम्ही मागच्या खोलीत तुमचा टाइपरायटर मांडलात. पुढच्या दारानं माझी गिऱ्हाइकं यायची, मागच्या दारानं तुमची माणसं. माझ्याकडं येणाऱ्याच्या घरी बहुतेक लग्न असायचं. तुमच्याकडं येणाऱ्याचं काहीतरी अडलेलं असायचं. कुणाला धरणग्रस्ताचा दाखला मिळत नसायचा, कुणाच्या सातबारावर भलत्याचंच नाव असायचं. तुम्ही त्यांचं ऐकून घ्यायचात, चष्मा पुसायचात आणि अर्ज टाइप करायचात. "महोदय, वरील विषयी सविनय सादर करतो की" ह्याच्या पुढं तुमची मराठी अशी सरळ चालायची की मला हेवा वाटायचा.

आणि एक अर्ज तुम्ही वर्षानुवर्षं करत होतात. आपल्या वस्तीच्या स्मशानभूमीचा.

मला तो दिवस आठवतो. दुष्काळी उन्हाळा होता, धरणाचं पाणी लई मागं हटलं होतं. तुम्ही मला सायकलवर बसवून तिकडं घेऊन गेलतात. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि त्यात आपल्या गावाचे पाये उघडे पडले होते. एका दगडी उंबऱ्यावर उभं राहून तुम्ही म्हणालात, "हितं तुझी आजी बसायची. ही चूल." मग लांब, जिथं अजून पाणी होतं तिकडं बोट करून म्हणालात, "आन् तितं आपलं स्मशान. माझा बाप तितं हाय." मी दहा-अकरा वर्षांचा असेन. मी विचारलं होतं, "मग आता?" तुम्ही म्हणालात, "घराच्या बदल्यात घर दिलं बाबा. स्मशानाच्या बदल्यात काय द्यायचं हे कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई."

नवीन गावठाणात आपल्या वस्तीचं माणूस गेलं की त्याला कुठं न्यायचं हा प्रश्न तेव्हापासूनचा. गयाबाईच्या नवऱ्याला कालव्याच्या कडेला नेलं होतं. लाकडं रचली आणि शेजारच्या शेतवाल्यांनी अडवलं. चार तास मयत तसंच ठेवून बोलणी चालली. तेव्हापासून ती बाई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन तुमच्याकडं यायला लागली.

टाइपरायटरची फीत गावात मिळेनाशी झाली तेव्हा मीच म्हणालो, माझा जुना कम्प्युटर मागं घ्या. तुम्ही नाही नाही म्हणत घेतलात. बोटं तीच, फक्त आवाज गेला. पण छापायचं कसं? प्रिंटर एकच, तोही माझ्या टेबलावर, माझ्या कम्प्युटरला जोडलेला. प्रत्येक पानाला तुम्ही पेन ड्राइव्ह घेऊन पुढं यायचात, मी हातातलं काम सोडायचो. त्याच सुमारास मी ब्रॉडबँड घेतलं होतं, वायरलेस राउटर आला होता. म्हटलं, आता ह्या वायरलेसवरूनच तुमचा कम्प्युटर माझ्याशी जोडतो आणि प्रिंटर दोघांत ठेवतो. तुम्ही मागून बटण दाबायचं, पान माझ्याकडं निघेल.

"मधे दोन भिंती हायेत की," तुम्ही म्हणालात.

"भिंतीतून जातं."

"अन् वायर?"

"वायर नाही."

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जणू मी लहानपणीसारखी थाप मारतोय. तो सबंध दिवस आपण त्यात घालवला. तुमच्या कम्प्युटरला बोटाएवढी अँटेना लावली. लोखंडी कपाटाचं दार उघडलं की रेंज जायची, म्हणून कपाट सरकवलं. तरी दोन्ही कम्प्युटर एकमेकांना दिसेनात. मी घामाघूम झालो, वैतागून उठलो. तुम्ही एकदा माझ्या खोलीत गेलात, एकदा तुमच्या, चष्मा वर करून दोन्ही पडद्यांवरचं वर्कग्रुपचं, म्हणजे जोडलेल्या गटाचं नाव वाचलंत आणि म्हणालात, "सुनील, ह्याच्यात एक अक्षर कमी हाय बघ." खरंच कमी होतं. चाळीस वर्षं कारकुनी केलेला डोळा. मी ते अक्षर घातलं, आणि तुमच्या पडद्यावर माझा प्रिंटर आला. त्याच्या चित्राखाली पसरलेला एक हात होता. तुम्ही विचारलंत, हा हात कशाचा. मी सांगितलं, हा हात दिसला म्हणजे प्रिंटर दुसऱ्यालाही वापरायला दिलेला आहे. तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत.

पहिलं पान तुम्ही आईचं नाव छापलंत. मोठ्या अक्षरात, पानाच्या मधोमध. आईला वाचता येत नाही. तिनं कागद हातात धरून विचारलं, "हे म्या हाय?" तुम्ही म्हणालात, "तूच हायस." मी तुम्हाला इतकं हसताना त्यानंतर बघितलं नाही.

त्या जोडणीत एकच अडचण होती. माझा कम्प्युटर चालू असेल तरच तुमचं पान निघायचं. म्हणून तुम्ही रोज सकाळी मागून हाक मारायचात, "सुनील, चालू हाय का रे?" मी म्हणायचो, "हाय." मग पान निघायचं आणि तुमच्या चपलांचा आवाज पुढं यायचा. ते पान घ्यायला येऊन तुम्ही माझ्या टेबलावरची प्रुफं वाचत उभे राहायचात. एकदा एका पत्रिकेत वार आणि तारीख जुळत नव्हती, ते तुम्ही पकडलंत. पाचशे पत्रिका छापायला जायच्या बेतात होत्या. मी तुम्हाला तेव्हा धन्यवाद म्हणालो नाही. बापाला कुणी धन्यवाद म्हणतं का, असं वाटलं असेल. आज म्हणतो. त्याचा आता काय उपयोग आहे ते मला कळतं.

आता ते सांगतो.

मोंढ्यातल्या त्या अडत व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. खास पाहुण्यांसाठी चाळीस पत्रिका त्यांनी जाड, साईच्या रंगाच्या कागदावर माझ्या प्रिंटरवर करायला दिल्या होत्या. एवढ्या मोठ्या घरचं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं. त्या दिवशी भारनियमनात सकाळपासून लाइट नव्हती. दुपारी आली तशी मी घाईनं छपाई लावली. मागून तुमची हाक आली, "चालू हाय का रे?" मी सवयीनं म्हणालो, "हाय." तुमचा अर्ज माझ्या पत्रिकांच्या मधे निघाला, त्याच जाड कागदावर. मी गठ्ठा बघितला नाही. तुम्ही पान घ्यायला पुढं यायच्या आत तो लिफाफ्यात घातला आणि देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी व्यापारी स्वतः दुकानात आले. हातात तो कागद. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं पत्रिका म्हणून हौसेनं सगळ्यांसमोर वाचायला घेतला होता. विषय : स्मशानभूमीसाठी जागा मिळणेबाबत.

"लग्नाच्या घरात हा कागद?" ते ओरडले. "तुमच्या वस्तीची मढी माझ्या मांडवात कशाला आणता बे? चूक आमचीच हाय. तुमाला काम द्यायलाच नको होतं."

ते "तुमाला" कुणाला होतं, हे मला कळलं होतं. तुम्हालाही कळलं होतं. मी म्हणालो, "शेठ, माफ करा. परत छापून देतो." मान खाली घालून म्हणालो. तुम्ही आतून येऊन दारात उभे होतात. तुम्ही म्हणालात, "कागद चुकून आला, त्याची माफी मी मागतो. पण त्या कागदात वाईट काही न्हाई, शेठ. मेल्यावर जागा सगळ्यालाच लागती. तुमाला बी लागंल."

"सगळ्या पत्रिका नव्यानं छापा," म्हणून ते गेले. मग मी तुमच्यावर उलटलो. काय काय बोललो ते मला शब्दाशब्दानं पाठ आहे, पण लिहायला हात धजत नाही. एवढंच लिहितो, मी म्हणालो, "मेलेल्यांची कामं करता करता तुम्ही जिवंत माणसाचा धंदा बसवणार आहात."

तुम्ही म्हणालात, "अन् तू? तो आपल्याला बोलत व्हता, तू मान कावून खाली घातलीस?"

मला त्या माणसाचा राग आला होता, अण्णा. भयंकर आला होता. पण त्याच्यावर काढायची हिंमत नव्हती, म्हणून तुमच्यावर काढला. तुम्ही मागं गेलात, आणि मी प्रिंटरच्या चित्रावर जाऊन एक खूण काढून टाकली. हात गेला. एवढंच करावं लागतं. दोन सेकंद लागतात.

तुम्हाला सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, ह्या मोठ्या घरचं लग्न पार पडेपर्यंत राहू दे, मग करू चालू.

दुसऱ्या सकाळी तुमची हाक आली. "सुनील, चालू हाय का रे?"

"हाय."

थोड्या वेळानं चपला वाजल्या. "कागद येईना."

"रेंज नसेल," मी म्हणालो. पडद्यावरून नजर न उचलता.

तुम्ही मागं जाऊन कपाट सरकवलंत. मला आवाज ऐकू आला. अँटेना ह्या बाजूला, त्या बाजूला लावून बघितलीत. कम्प्युटर बंद करून परत चालू केलात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज एकदा हाक, रोज माझं "हाय", रोज "रेंज नसेल". असे आठ दिवस. कधी कधी वाटायचं, आता उठावं आणि ती खूण परत करावी. मग वाटायचं, केली तर ह्यांना कळेल की मीच काढली होती. लाज वाटली म्हणून चूक तशीच ठेवली. माणूस किती हलका असतो, हे मला माझ्यावरून कळलं.

नवव्या दिवशी जिल्ह्याचे मोठे साहेब गावात येणार होते आणि लोकांचे अर्ज स्वतः घेणार होते. सकाळी तुम्ही पुढं आलात. हाक मारली नाहीत, टेबलाशी येऊन उभे राहिलात. "एकच पान हाय रे आज," म्हणालात. "स्मशानाचं. साहेब स्वतः घेणार हायेत." मी फोनवर बोलत होतो. फोनवर हात ठेवून म्हणालो, "बाहेरून कुठूनतरी करून घ्या ना आजच्या दिवस."

तुम्ही "बरं" म्हणालात.

बाहेर कुठंच गेला नाहीत. मागच्या खोलीत बसून तुम्ही तो अर्ज पेनानं लिहिलात, कार्बन घालून, जोर देऊन. लिहून होईपर्यंत उन्हं चढली, मग गयाबाईला घेऊन गेलात. मे महिन्याचं ऊन. मांडव लहान, रांग बाहेरपर्यंत. तुमचा नंबर लागला, अर्ज दिलात, पायऱ्या उतरलात आणि तिथंच बसलात. बसलात ते उठला नाहीत. मला फोन आला तेव्हा मी त्याच व्यापाऱ्याच्या पत्रिका परत छापून लिफाफ्यात घालत होतो. मी पोचलो तोवर गयाबाईनं तुमचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पदरानं वारा घालत होती. दवाखान्यात नुसतं बघून सांगितलं त्यांनी.

तुम्हाला गावी न्यावं अशी तुमची इच्छा होती. वस्तीतली माणसं न्यायला आली होती. पण नेणार कुठं? पुन्हा कालव्याच्या कडेला नेऊन पुन्हा तीच बोलणी करायची? तुम्हाला इथं शहरातल्या स्मशानातच अग्नी दिला. तुमचा बाप पाण्याखाली आणि तुम्ही इथं, अनोळखी माणसांत.

त्या गर्दीत गयाबाई माझ्याजवळ येऊन बसली. माझं समाधान करायला म्हणून तिनं सांगितलं. "रांगंत समद्यायला तुजंच सांगत व्हते. म्हणले, माझ्या पोरानं घरी बिगर वायरचं मशीन बसवलंय. मागच्या खोलीतून दाबलं की फुडच्या खोलीत कागद निघतो. आज जरा बिघडलंय, न्हाईतर हातानं लिवायची येळच आली नसती." मी तिथून उठलो.

मला वाटत होतं, निदान तुम्हाला कळलं नाही. ह्या एका गोष्टीचा मला आधार होता. तुम्ही मशीनला दोष देत गेलात, मला नाही, ह्यावर मी तीन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी आई भांडी लावता लावता म्हणाली, "त्यायला ठाव व्हतं."

"काय ठाव होतं?"

"तू बंद केलंयस ते. भांडणाच्या दुसऱ्याच दिशी. तू जेवाया आत आलतास, तवा ते फुडं जाऊन तुज्या मशीनीत बघून आले. मला म्हणले, पोरानं हात काढलाय. म्या म्हणलं, मग इचारा की त्याला, कावून काढला म्हणून. म्हणले, न्हाई. त्याचा लई अपमान झालाय. त्याला वाटंल तवा करील चालू."

आई भांडी लावत राहिली.

म्हणजे पहिल्याच दिवसापासून तुम्हाला ठाऊक होतं. कपाट सरकवलंत, अँटेना फिरवलीत ते सगळं मला ऐकू यावं म्हणून. "चालू हाय का रे?" हे तुम्ही कम्प्युटरबद्दल विचारत नव्हतात. मला रोज एक संधी देत होतात, अण्णा, आणि रोज मी ती नाकारत होतो. नवव्या दिवशी "एकच पान हाय" म्हणालात तेव्हा तुम्हाला माहीत होतं की मी दोन सेकंदांत देऊ शकतो. मी दिलं नाही, तेही तुम्हाला माहीत होतं. आणि त्यानंतर तुम्ही त्या रांगेत जाऊन माझं कौतुक केलंत.

हे घेऊन मी काय करू? आधी रात्री झोप यायची नाही. आता दिवसाही काही सुचत नाही. मोंढ्यातलं लग्न थाटात झालं असं ऐकलं. दुकान उघडतो, बसतो, माणसं येतात, मी नीट बोलतो. मग एकदम समोरच्या माणसाचं काम काय होतं हेच आठवत नाही.

काल दुपारी गयाबाई आली. पहिल्यांदाच पुढच्या दारानं. म्हणाली, "अर्ज वर गेलाय. पर अण्णाच्या हातच्या अर्जाची सोच्छ नक्कल मागायलेत, मशीनवरची. तुज्याकडं आसंल म्हणून आले."

तुमच्या खोलीत त्या दिवसानंतर मी गेलो नव्हतो. गेलो. आधी माझ्या कम्प्युटरवर ती खूण परत केली. मग तुमचा चालू केला. अर्ज तिथंच होता, तारखेची जागा मोकळी ठेवलेला. मी तारीख घातली, चार प्रती सांगितल्या, बटण दाबलं. पुढच्या खोलीत प्रिंटर लगेच चालू झाला. मी पुढं आलो तेव्हा गयाबाई चारही कागद हातात घेऊन उभी होती.

"झालं व्हय दुरुस्त?" ती म्हणाली. "काय झालतं त्याला?"

लाइट म्हणता आलं असतं. रेंज म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "काही झालं नव्हतं, मावशी. मीच बंद केलतं." आणि मग सगळंच सांगितलं. व्यापाऱ्याचं, आठ दिवसांचं, आईनं सांगितलं ते. ती उभ्यानंच ऐकत होती. मधे एकदाही "अरे बाबा" म्हणाली नाही.

मी थांबलो तेव्हा म्हणाली, "दोन घंटे उन्हात हुबा व्हता तो मानूस. म्या म्हणलं, सावलीला बसा, म्या हुबी ऱ्हाते. म्हणले, अर्ज माज्या हातचा हाय, मीच देणार." तिनं चारही कागद माझ्या टेबलावर ठेवले. "म्या दुसरीकडून टाइप करून घेईन. तुज्या हातचं मला नगं."

"मावशी, उशीर होईल," मी म्हणालो.

तिनं पिशवी काखेत घातली आणि पायऱ्या उतरून उन्हात गेली.

ती गेल्यावर, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, मला मोठ्यानं रडू आलं. आई बाहेर आली, दारात थांबली आणि परत आत गेली.

त्या अडाणी बाईनं दोन मिनिटांत जे केलं ते आठ दिवसांत एकदा तुम्ही करायला हवं होतं, अण्णा. माझ्यासमोर उभं राहून विचारायला हवं होतं. मी भांडलो असतो. खोटं बोललो असतो. पण शेवटी चालू केलं असतं, आणि तुम्ही तो कागद घेऊन सकाळच्या उन्हात जाऊन सकाळीच परत आला असता. तुम्ही मला सांभाळून घेतलंत. माझा अपमान झालाय म्हणालात, आणि तो मी तुमच्यावर काढला तरी गप्प राहिलात. त्या गप्प राहण्याचं आता मी काय करू, ते सांगायला तुम्ही नाहीत.

माझं चुकलं. तुमचंही चुकलं, अण्णा.